जुने आऊटबोर्ड इंजिन हाती घेताना

गोव्याच्या किनाऱ्यावरील व खाडीकाठच्या पुष्कळ घरांत, पडवीच्या एखाद्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली झाकून ठेवलेले जुने आऊटबोर्ड इंजिन आढळते. वडिलांनी किंवा काकांनी ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वी घेतलेले असते. मध्यंतरी घरातील तरुण मुले बोटीवर अथवा आखातात नोकरीस गेली, होडी किनाऱ्यावरच वाळत पडली आणि इंजिनही तसेच राहिले. आज नव्या इंजिनाची किंमत लाखाच्या पुढे गेलेली असल्यामुळे ते जुने यंत्र पुन्हा बाहेर काढावे, असा विचार मनात येणे साहजिक आहे. फिटरकडून ते दुरुस्त करून मिळते. चालविण्याची रीत मात्र फिटर बरोबर बांधून देत नाही. ज्याने ते यंत्र वर्षानुवर्षे चालविले तो माणूस कधी हयात नसतो. असला तरी त्याचे ज्ञान हातात असते, बोलण्यात उतरत नाही. विचारले तर ‘दोरी ओढ, सुरू होईल’ एवढेच उत्तर मिळते.

दोरी ओढण्यापलीकडेही बरेच काही आहे, हे नवख्याला कळते ते बहुधा चुकीच्या जागी. आपल्या नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा दांडा सर्वांना ठाऊक आहे. साळ नदीच्या मुखाशी बेतूलजवळ साचणारी वाळूही होड्यांना आणि ट्रॉलरना सतत अडचणीची ठरत आली आहे. ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी बाहेर धाव घेत असते आणि समुद्राची लाट आत येत असते. दोहोंची गाठ दांड्यावर पडली की लाट उभी राहते आणि फुटते. अशा जागी इंजिन अर्धे मिनिट बंद पडले, तरी होडी लाटेला आडवी होते. वल्ही काढून होडी सरळ करण्याइतका अवधी त्या वेळी मिळेलच असे नाही. म्हणून इंजिनाच्या प्रत्येक खिट्टीचे व बटणाचे काम काय आणि ते तसेच का, हे शांत पाण्यात समजून घेणे अगत्याचे आहे.

होडीच्या बाहेर टांगावयाचे इंजिन ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे अशा इंजिनांची विक्री सुरू केली आणि तेव्हापासून या यंत्राचा खऱ्या अर्थाने प्रसार झाला. योगायोग असा, की भारतातील यांत्रिक मासेमारीचा आरंभही नॉर्वेच्याच साहाय्याने झाला. केरळात कोल्लमजवळ १९५३ मध्ये भारत-नॉर्वे प्रकल्पाचे काम सुरू झाले. परंतु त्या प्रकल्पाचा भर आत इंजिन बसविलेल्या मोठ्या होड्यांवर होता. पारंपरिक लहान होडीला बाहेरून लावावयाचे इंजिन पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात आले ते १९८० च्या दशकात. गोव्यात त्याच सुमारास ट्रॉलर आणि रापणकार यांच्यातील संघर्ष तीव्र झालेला होता व १९८० मध्ये सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला होता. वल्ह्यावर जगणाऱ्या माणसाला थोडे दूर जाता यावे, वारा पडला तरी वेळेवर परत येता यावे, यासाठी हे लहान इंजिन त्याच्या हाती आले. आज पडवीत आढळणारी बहुसंख्य इंजिने त्या काळातील किंवा त्यानंतरच्या दोन दशकांतील असून, ती मुख्यत्वे जपानी बनावटीची, आठ ते दहा अश्वशक्तीच्या आसपासची व टू-स्ट्रोक पद्धतीची आहेत.

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी तेलाची वेगळी टाकी नसते, ही त्याची सर्वांत महत्त्वाची खूण. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरप्रमाणेच इंधनातच तेल मिसळावे लागते आणि ते इंधनाबरोबर आत जाऊन बेअरिंग, पिस्टन व सिलिंडर यांना पोहोचते. तेल विसरले तर इंजिन काही वेळ अगदी छान चालते, कदाचित नेहमीपेक्षा हलकेही वाटते. मग आवाज जड होतो आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जखडून बसतो. प्रमाण किती, हे इंजिनावरील पट्टीवर अथवा पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ इंजिनांना पन्नासास एक, म्हणजे दर लिटरला २० मिलिलिटर तेल लागते. त्याहून जुन्या इंजिनांना पंचवीसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर लागते. दहा लिटरच्या डब्यात हा फरक २०० आणि ४०० मिलिलिटर इतका होतो. अंदाजाने ओतावयाची ही वस्तू नव्हे. मापाची बाटली ठेवावी. आधी थोडे पेट्रोल, मग तेल, मग डबा चांगला हलवून उरलेले पेट्रोल, असा क्रम ठेवला म्हणजे तेल तळाशी बसत नाही. तेल जास्त झाले तर यंत्र मरत नाही, पण धूर येतो आणि प्लग काळा होऊन ठिणगी द्यावयाचे थांबतो. तेल घेताना ते पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीच आहे याची खात्री करावी. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू ३’ अशी खूण असते. टू-स्ट्रोक स्कूटरचे तेल अडीअडचणीला चालते, पण नेहमी वापरल्यास आत राख साचते.

इंधनाच्या बाबतीत आज एक नवी अडचण आली आहे व ती जुन्या माणसांच्या अनुभवात नव्हती. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते; २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने देशभर आले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी महिना-दोन महिने राहिली, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. वंगणाचे तेल मात्र वरच्या पेट्रोलातच राहते. टाकीची नळी तळापर्यंत गेलेली असल्यामुळे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो बिनतेलाचा. शिवाय जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधील रबरी भाग इथेनॉलमुळे फुगतात आणि चिरतात. यास्तव जुने इंजिन पुन्हा वापरात घेताना नळ्या बदलून घ्याव्यात, टाकीतील शिळे इंधन निःशेष काढून टाकावे आणि पुढेही पंधरवड्यापुरतेच मिश्रण करावे.

आता इंजिन होडीवर बसविण्याकडे वळू. आठ अश्वशक्तीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे वजन पंचवीस ते तीस किलो असते. ते दोन मोठ्या स्क्रूंनी फळीला आवळले जाते. चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी हे स्क्रू सैल होतात, म्हणून निघताना आणि मध्ये एकदा ते हाताने आवळून पाहावेत. त्याशिवाय इंजिनाला एक मजबूत दोरी बांधून ती होडीच्या आडव्या दांड्याला अडकवावी. या दोरीचा कंटाळा केल्यामुळे किती इंजिने खाडीच्या तळाशी गेली असतील याची गणती नाही. उलांडीच्या होडीवर पुष्कळदा इंजिन मागच्या टोकाशी न लावता एका बाजूच्या फळीवर लावतात. अशा वेळी होडी सतत एका अंगाला ओढ घेते. नवख्याला वाटते की इंजिन बिघडले. वास्तविक ती बसविण्याच्या जागेची ओढ असते आणि हाताला थोड्याच दिवसांत तिची सवय होते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या किंचित खाली राहावी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो व नुसताच गरगरतो. फार खाली राहिली तर होडी जड चालते आणि उथळ पाण्यात पंखा लवकर वाळूला लागतो.

दोरी ओढण्यापूर्वी चार गोष्टी पाहावयाच्या असतात. टाकीच्या झाकणावर हवा आत जाण्यासाठी एक लहान स्क्रू असतो, तो उघडावा. इंधनाचा कॉक उघडावा. वेगळी टाकी असेल तर नळीतील रबरी फुगा, त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने ठेवून, घट्ट लागेपर्यंत दाबावा. घट्ट झाल्यावर आणखी दाबू नये. आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याचे हाताने चाचपून पाहावे. या चारांपैकी पहिलीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते आणि तिचा परिणाम फार फसवा असतो. हवेचा स्क्रू बंद असला तरी इंजिन सुरू होते, पाच-दहा मिनिटे उत्तम चालते आणि मग टाकीत पोकळी निर्माण झाल्यामुळे इंधन येईनासे होऊन अडखळत बंद पडते. थोडा वेळ गेला की झाकणातून हवा झिरपते आणि ते पुन्हा सुरू होते. मालक प्लग बदलतो, कार्ब्युरेटर उघडतो, फिटरला बोलावतो. फिटर झाकणाचा स्क्रू फिरवून चहा घेऊन जातो.

चोकचे काम समजले म्हणजे त्याचा वापर आपोआप बरोबर होतो. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि थंड इंजिनात वाफ कमी होते. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होऊन त्या प्रमाणात इंधन जास्त जाते. म्हणून पहाटेच्या थंड इंजिनाला चोक हवा, दुपारच्या गरम इंजिनाला नको. मुठीवर सुरू करण्याची जी खूण असते तेथे मूठ पिळून ठेवावी. नंतर दोरी हळू ओढत न्यावी. आत दात अडकून थोडा विरोध जाणवला की तेथून एकाच जोरदार झटक्याने ओढावी. झटका का, याचेही कारण आहे. या इंजिनांत बॅटरी नसते. वरच्या चक्रातील लोहचुंबक गुंडाळीजवळून जितक्या वेगाने फिरेल तितकी ठिणगी सशक्त होते. दहा वेळा हळू ओढण्यापेक्षा दोनदा झपाट्याने ओढणे अधिक उपयोगी असते, ते एवढ्याचसाठी. शाळेत सायकलचा डायनॅमो दाखवून हे तत्त्व शिकविणाऱ्या शिक्षकांना किनाऱ्यावरील मुलांसाठी याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही. दोरी पूर्ण शेवटापर्यंत ताणू नये व हातातून एकदम सोडूही नये. तिला परत आत नेऊन सोडावे, नाहीतर आतील स्प्रिंग तुटते. ओढताना मागे कोणी उभे नाही हेही पाहावे, कारण कोपर मागे जोरात येतो.

इंजिन सुरू होताच चोक हळूहळू आत सारावा. तो ओढलेलाच राहिला तर काळा धूर येऊन इंजिन गुदमरते. चार-पाच झटक्यांनंतरही सुरू झाले नाही आणि पेट्रोलचा वास येऊ लागला, तर आत इंधन जास्त झाले असे समजावे. अशा वेळी चोक बंद करून, मूठ पूर्ण उघडून पाच-सहा वेळा ओढावे. जास्तीचे इंधन निघून जाते. तेवढ्यानेही भागले नाही तर प्लग काढून पुसावा. या अवस्थेत मूठ पूर्ण उघडी असताना इंजिन अचानक सुरू झाले तर ते भयंकर वेगाने फिरू लागते, म्हणून डावा हात मुठीपाशी तयार ठेवावा.

सुरू झाल्यावर पहिली नजर मागे टाकावयाची. इंजिनाच्या मागील बाजूस एका बारीक छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडते. खालचा पंप समुद्राचे पाणी वर आणून इंजिन थंड करतो आहे, याची ती खूण होय. धार दिसली नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे. बहुधा छिद्रात वाळू किंवा मीठ अडकलेले असते व बारीक तारेने ते निघते. तसे नसेल तर पंपातील रबरी पंखुड्या झिजलेल्या असतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात या पंखुड्या कडक होऊन वाकलेल्याच राहतात, त्यामुळे त्या बदलल्याशिवाय जुने इंजिन पाण्यात घालू नये. किनाऱ्यावर पाण्याविना ‘जरा चालवून पाहू’ म्हणून काही क्षण फिरविले तरी त्या कोरड्या घासल्या जाऊन फाटतात.

फार जुन्या इंजिनांवर, विशेषतः अमेरिकी बनावटीच्या, कार्ब्युरेटरच्या पुढे एक किंवा दोन गोल खुंट्या असतात. हल्लीच्या माणसाने त्या पाहिलेल्या नसतात आणि म्हणून त्या विनाकारण फिरविल्या जातात. इंधन व हवा यांचे प्रमाण ठरविणाऱ्या सुया त्या खुंट्यांना जोडलेल्या असतात. सुई अगदी हलक्या हाताने पूर्ण बंद करावी. जोर केल्यास तिचे टोक खराब होते. तेथून सुमारे एक ते दीड फेरा उघडून इंजिन सुरू करावे व पाच मिनिटे गरम होऊ द्यावे. त्यानंतर थोडी थोडी बंद करीत गेल्यावर इंजिन शिंकल्यासारखे करू लागते. म्हणजे इंधन कमी पडले. तेथून किंचित उघडली की आवाज गोल आणि एकसारखा होतो. तो आवाज कानाने ओळखावयाचा असतो. मग मात्र त्या खुंटीला पुन्हा हात लावू नये. बंद पडलेले इंजिन सुरू करण्याच्या घाईत सर्वच खुंट्या फिरविणारा माणूस एका बिघाडाचे तीन बिघाड करतो.

गिअरच्या बाबतीत नवखा माणूस नेमके उलटे करतो. यंत्र जुने आहे, जपून वागवावे, या भावनेने तो लीव्हर हळूहळू पुढे ढकलतो. जपायच्या वस्तूला हळू हाताळावे, ही घरातील शिकवण येथे लागू पडत नाही. खालच्या पेटीत मोटारीसारखा घसरता क्लच नाही. दोन दातेरी तुकडे एकमेकांत सरळ अडकतात. हळू ढकलले तर दात एकमेकांवर घासून कडकड आवाज येतो आणि दातांच्या कडा गोल होतात. कडा गोल झाल्या की भर वेगात गिअर आपोआप निसटू लागतो. म्हणून मूठ अगदी कमी वेगावर आणावी, क्षणभर थांबावे आणि लीव्हर एकाच ठाम हालचालीने पुढे टाकावा. पुढून मागे जाताना न्यूट्रलवर थांबून होडीचा वेग मोडू द्यावा. मागे चालविताना इंजिन वर उसळू नये यासाठी अडकविण्याची खिट्टी लावावी लागते; पुढे चालताना उथळ पाण्यात तीच खिट्टी सोडलेली असावी, म्हणजे पंखा खडकाला लागल्यास इंजिन आपोआप वर उचलले जाते. पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची लहान पिन असते. पंखा आपटला की ती मुद्दाम तुटते आणि आतील दातेरी चाके वाचतात. इंजिन चालू आहे, आवाज वाढतो, पण होडी हलत नाही, असे झाले तर ही पिन तुटली असे समजावे. दोन जादा पिना आणि पकड होडीतच ठेवाव्यात. पिनेच्या जागी खिळा घालण्याची प्रथा किनाऱ्यावर सर्रास आढळते. खिळा तुटत नाही, आणि म्हणूनच पुढच्या आघाताला आतले चाक तुटते.

दांडा हाती धरल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येकाची फजिती होते. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. शीड व सुकाणू वापरलेल्या माणसाला हे नवे नाही. मोटारसायकलवरून आलेल्या तरुणाला मात्र ते उलटे वाटते आणि संकटाच्या क्षणी त्याचा हात जुन्या सवयीने जातो. म्हणून दोन बांबू रुंद पाण्यात रोवून त्यांभोवती आठाच्या आकड्याप्रमाणे हळू फेऱ्या मारण्याचा सराव आठवडाभर तरी करावा. दुसरी गोष्ट अशी, की वळताना होडीची नाळ वळते असे दिसत असले तरी प्रत्यक्षात मागचा भाग बाहेर फेकला जातो. धक्क्यापासून निघताना याचा अनुभव येतो. पाण्यात माणूस पडला तर याच ज्ञानावर त्याचा जीव अवलंबून असतो. ज्या बाजूला माणूस पडला त्याच्या विरुद्ध बाजूस दांडा ढकलावा, म्हणजे मागचा भाग व फिरता पंखा त्याच्यापासून दूर जातो. आणि लगेच गिअर न्यूट्रलमध्ये आणावा. त्याला होडीत घेताना इंजिन पूर्ण बंद असावे.

चालविणाराच पाण्यात पडला तर काय, हा प्रश्न जुन्या इंजिनांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. नव्या इंजिनांना मनगटात अडकविण्याची दोरी असते. ती निघाली की इंजिन थांबते. जुन्यांना केवळ एक बटण असते आणि माणूस पडल्यावर रिकामी होडी गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते. बटणाच्या तारेला समांतर अशी दोरीची कळ जाणत्या फिटरकडून बसवून घेता येते आणि तिचा खर्च इंधनाच्या एका टाकीहून फारसा जास्त नसतो. जुन्या इंजिनावर करावयाचा पहिला खर्च रंगाचा नसून हा असावा. बटणाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी: ते ठिणगी तोडते, म्हणून इंजिन पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरावे लागते. लगेच सोडल्यास ते पुन्हा पेट घेते.

वाळूच्या दांड्यावरून जाण्याचा प्रसंग पहिल्या महिन्यात घेऊच नये. पुढे घेतला तरी भरतीच्या वेळी, जाणत्या तांडेलाच्या सोबतीने आणि अंगात लाइफ जॅकेट घालून घ्यावा. बाहेर जाण्यापूर्वी इंजिन चांगले गरम झालेले असावे, हवेचा स्क्रू उघडा असावा, टाकीत पुरेसे इंधन असावे. दांड्याच्या मध्यावर यांपैकी काहीही तपासता येत नाही. वल्ही बांधलेली नसून हाताशी असावीत. बाहेरून आत येताना लाट मागून येते. त्या वेळी घाबरून वेग एकदम कमी केला तर मागची लाट होडी गाठते आणि तिला आडवी फिरविते; वेग फार वाढविला तर होडी लाटेच्या माथ्यावरून पुढे घसरते, नाळ पाण्यात घुसते आणि परिणाम तोच होतो. पुढच्या लाटेच्या पाठीवर, माथ्याच्या मागे, तिच्याच चालीने राहणे हीच यातील युक्ती आहे. त्यासाठी मुठीची हालचाल बोटाच्या पेराएवढी असते. मूठ गंजामुळे अडत असेल, आतील तार झटक्याने सरकत असेल, तर अशी बारीक हालचाल होऊ शकत नाही. एरवी किरकोळ वाटणारा हा दोष येथे प्राणावर बेततो. शंका असल्यास बाहेर थांबून पाणी चढण्याची वाट पाहावी. इंधनाचा हिशेबही यासाठीच ठेवावयाचा: एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश न ठरविलेल्या गोष्टीसाठी.

केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनांची रीत थोडी निराळी आहे. ही इंजिने मुळातच कमी दाबाची बनविलेली असतात. साध्या पेट्रोल इंजिनात केरोसीन घातल्यास आत ठोके बसून पिस्टन फुटतो. केरोसीनची वाफ थंड अवस्थेत होत नाही, म्हणून सुरुवात पेट्रोलवर करावयाची व इंजिन चांगले गरम झाल्यावर कॉक फिरवून केरोसीनवर जावयाचे. परत येताना किनाऱ्यापूर्वी काही मिनिटे कॉक पुन्हा पेट्रोलकडे फिरवावा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले केरोसीन जळून जाते. हे विसरून इंजिन केरोसीनवरच बंद केले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे कितीही दोरी ओढली तरी ते दाद देत नाही. मग कार्ब्युरेटरच्या तळचा स्क्रू काढून साचलेले केरोसीन काढावे लागते. समुद्रात मधेच इंजिन बंद पडले आणि थंड झाले तर हेच काम हलत्या होडीत करावे लागते, याचा विचार आधी केलेला बरा.

परत आल्यावर इंजिन मिनिटभर मंद चालवावे, बंद करावे, कॉक आणि हवेचा स्क्रू दोन्ही लावावेत. नंतर गोड्या पाण्याने भरलेल्या पिंपात, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पाच-दहा मिनिटे चालवावे. पाणी खालच्या जाळीच्या चांगले वर असावे. आतील वाटांमध्ये राहिलेले मीठ सुकले की दगडासारखे होते आणि इंजिन नंतर गरम होऊ लागते. हे काम रोजचे आहे व कंटाळवाणे आहे. पंधरा वर्षे टिकलेल्या आणि पाच वर्षांत संपलेल्या इंजिनांतील फरक पुष्कळदा या पिंपाचाच असतो. दोन-तीन महिन्यांतून खालच्या पेटीतील तेलाचा स्क्रू सैल करून पाहावा. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले असून सील बदलावयास हवे. नवे तेल नेहमी खालच्या छिद्रातून वर भरत न्यावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

इंजिन समुद्रात पडलेच, तर काढल्यावर ते उन्हात वाळवत ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. खारे पाणी आणि हवा मिळून काही तासांत बेअरिंगला गंज चढवितात. ताबडतोब गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून दोरी हळू ओढीत आतील पाणी बाहेर काढावे, आत टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि त्याच दिवशी सुरू करून चांगले तापू द्यावे. दोरी ओढताना आतून खरखर लागली तर वाळू गेली असे समजून जोर करू नये. फिटर त्या दिवशी मिळत नसेल, तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवावे. हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटते, पण पाण्याखाली हवा पोहोचत नाही आणि गंज थांबून राहतो.

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि लहान होड्याही खवळलेल्या समुद्रामुळे बहुधा नदीतच राहतात. इंजिन ठेवण्याची तयारी मे महिन्याच्या अखेरीस करावी. गोड्या पाण्यात चालवीत असताना इंधनाची नळी काढून घ्यावी, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होऊन इंजिन आपणच थांबते. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडावे, दोरी दोनदा हळू ओढावी, प्लग पुन्हा लावावा. पंखा काढून त्याच्या दांड्याला ग्रीस लावावे. मासेमारीचे नायलॉनचे सूत तेथे गुंडाळलेले बहुधा आढळते व तेच सील कापते. इंजिन आडवे न टाकता लाकडी घोडीवर उभे टांगावे, म्हणजे आतील पाणी निथळून जाते. गोणपाट मात्र त्यावर टाकू नये; ते ओलावा धरून ठेवते. जुने सुती कापड पुरते.